आजीच्या पायातल्या मुंग्या

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न घालते. 'पायाला मुंग्या आल्या' हे इंग्रजीत कसं सांगाल? डिक्शनरी उघडायची नाही, आईबाबांचा मोबाईल मागायचा नाही. तुमच्याजवळ जेवढं इंग्रजी आहे तेवढ्यातच सांगायचं. बघा बरं जमतंय का!

मी सातवीत असताना हाच प्रश्न मला एका डॉक्टरांसमोर सोडवावा लागला होता, आणि मी तो चांगलाच चुकवला होता. आता मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते, डी.एड. होऊनही बरीच वर्षं झाली, पण ती चूक काही विसरले नाही. तिचीच गोष्ट सांगते.

आमचं घर खारघर गावातलं. आज तुम्ही खारघर म्हटलं की उंच इमारती, सेंट्रल पार्क, नाहीतर २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली बेलापूर-पेंधर मेट्रो डोळ्यांपुढे आणता. माझ्या लहानपणी इथे नुकते रस्ते आखले जात होते. मध्येच एखादी नवी कोरी इमारत, तिच्या शेजारी भातशेती, आणि मागे पांडवकड्याचा डोंगर. घरात आम्ही आगरी बोलायचो. मासळीला म्हावरं आणि खेकड्याला चिंबोरी. पहिलीत गेले तेव्हा बाईंनी खेकड्याचं चित्र दाखवून "हे काय?" असं विचारलं आणि मी ठणकावून "चिंबोरी!" म्हणाले. बाई दुसरीकडच्या होत्या, त्यांना ते ठाऊकच नव्हतं. त्या हसल्या नाहीत, इतकंच म्हणाल्या, "बरं, तुमच्या घरी चिंबोरी. पुस्तकात खेकडा." म्हणजे बघा, इंग्रजीचा ए सुद्धा माहीत नव्हता तेव्हाच मी भाषांतर करायला लागले होते!

इंग्रजी मात्र पाचवीत आलं. आपल्या राज्यात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० सालच्या जूनमध्ये. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. माझा धाकटा भाऊ त्याच वर्षी पहिलीत गेला. मी सातवीत, तो पहिलीत, आणि तो घरभर "ए फॉर ॲपल" ओरडत फिरायचा. मला कोण राग यायचा! मी दोन वर्षं घाम गाळून जे मिळवलं ते याला फुकटात मिळतंय, असं वाटायचं.

घाम गाळून म्हणजे काय, तर रोज दहा शब्द पाठ. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. अंब्रेला म्हणजे छत्री, ॲन्ट म्हणजे मुंगी, फ्लोअर म्हणजे जमीन. दोन वह्या भरल्या होत्या. बाबांना त्याचं फार कौतुक. त्यांच्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा एक भाग होता, पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी पडलेली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कितीतरी पिढ्या त्या पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. आधी छोटी वाक्यं, मग मोठी. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. बाबा म्हणायचे, "नुसते शब्द काय पाठ करतेस? वाक्य कर, वाक्य." मी दुर्लक्ष करायचे. शब्द मोजता येतात ना! सहाशे झाले, साडेसहाशे झाले, असं मैत्रिणींना सांगता येतं. वाक्यं कोण मोजतं?

त्याच पावसाळ्यात आजीचं सुरू झालं. लावणीचे दिवस होते. आमचं थोडं शेत अजून शिल्लक होतं आणि आजी दिवसभर चिखलात उभी असायची. रात्री पाय चोळत बसायची. विचारलं तर म्हणायची, "मना काय नाय झालं गो. मुंग्या येतात नुसत्या." पुढे पुढे ती घरातल्या घरात अडखळायला लागली. एकदा चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि हिला पत्ताच नाही, ही तशीच पुढे! तेव्हा मात्र बाबांनी तिला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात न्यायचं ठरवलं. मला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. बेलापूरहून लोकल, मग बस. तिथे ही मोठी रांग! बाबा केसपेपरच्या खिडकीशी अडकले आणि आमचा नंबर आधीच पुकारला गेला. आजी आणि मी आत गेलो.

आत एक तरुण डॉक्टर होते. दक्षिणेकडचे, नुकतेच आलेले असावेत. मराठी अजिबात नाही आणि हिंदी माझ्या आजीइतकंच, म्हणजे नसल्यासारखंच. त्यांनी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "व्हॉट इज द प्रॉब्लेम?" माझ्या अंगात वीज संचारली. साडेसहाशे शब्द! मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "सर, ॲन्ट्स आर कमिंग इन हर लेग."

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. वाकून आजीच्या पायाखाली बघायला लागले. "ॲन्ट्स? व्हेअर?" बाजूला उभ्या असलेल्या नर्सबाईंना हसू फुटलं. रांगेतला कुणीतरी दारातून डोकावून हसला. आजीला काहीच कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तीही हसली. माझे कान गरम झाले. 'मुंग्या येणे' याला काहीतरी एक शब्द असणार, तो माझ्या वहीत नाही, आता काय करायचं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मी खाली मान घालून गप्प. आज तुम्हाला सांगते, त्या क्षणी मी फक्त शब्द शोधत होते. आजीला नक्की काय होतंय याचा विचार मी केलाच नव्हता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. घाई नाही, अशी हाताने खूण केली आणि सावकाश म्हणाले, "नो बिग वर्ड. टेल मी स्मॉल, स्मॉल."

छोटं छोटं सांग. मी आजीकडे वळून विचारलं, "आजी, मुंग्या येतात म्हणजे काय होतं गो?" ती म्हणाली, चालताना खालची जमीन आहे की नाही तेच कळत नाही. चालणं, जमीन, कळणं. अरे, हे तर सगळे पाचवीतले शब्द! मी म्हणाले, "शी वॉक्स. फ्लोअर इज देअर. शी डजन्ट नो फ्लोअर."

वाक्य काही सरळ नव्हतं. व्याकरणाचा पेपर असता तर बाईंनी लाल रेघ मारली असती. पण डॉक्टरांचा चेहराच बदलला. त्यांनी आजीला टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले, आणि कापसाचा बोळा तिच्या तळपायाला लावला. "हात लागला की सांग" हे मी आजीला सांगितलं. आजी काही बोलेचना. दुसरीकडे लावला, तरी नाही. मग त्यांनी डावा पाय उचलून पाहिला तर करंगळीच्या खाली, तळव्याला जखम होती. चिखलात काहीतरी घुसलं असणार. बरीच जुनी, आतून चिघळलेली. आणि माझ्या आजीला त्याचा पत्ता नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते. रक्त तपासलं, साखर खूप वाढलेली निघाली. मधुमेह बरीच वर्षं अंगात राहिला की पायाच्या नसा बधिर होतात, लागलेलं कळत नाही, आणि न कळलेली जखम वाढत जाते. (तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर रोज रात्री त्यांचे तळपाय तुम्ही बघत जा. हे इंग्रजीच्या लेखात बसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) आजीची करंगळी काढावी लागली. पाय वाचला. घरी आल्यावर आजी सगळ्यांना सांगायची, "आता नखं नऊच कापायची." त्यानंतर ती आणखी अकरा वर्षं होती.

'मुंग्या येणे' याला इंग्रजीत 'पिन्स अँड नीडल्स' म्हणतात, हे मला डी.एड. करताना कळलं. म्हणजे टाचण्या आणि सुया! आपल्या पायाला मुंग्या येतात, त्यांच्या पायाला टाचण्या टोचतात. दोन्हीकडे पाय एकच. मग मला वाटलं, ज्या अर्थी त्यांच्या टाचण्या आपल्याला हसवतात, त्या अर्थी आपल्या मुंग्यांना ते हसले यात एवढं लाजण्यासारखं काय होतं?

शब्द सापडला नाही की त्याचा अर्थ सोप्या शब्दांत फोडून सांगायचा, ही काही माझ्या डॉक्टरांनी काढलेली युक्ती नव्हे. मोल्सवर्थ नावाचे एक इंग्रज लष्करी अधिकारी होते. जॉर्ज आणि थॉमस हे कँडी बंधू आणि आपले शास्त्री-पंडित यांना बरोबर घेऊन त्यांनी मराठी-इंग्रजी कोश केला. तो मुंबईत १८३१ साली निघाला आणि १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. वाचनालयात मिळाला तर जरूर चाळा. ज्या मराठी शब्दाला इंग्रजीत जोड नाही, तिथे ते अडून बसले नाहीत, सरळ वाक्यच्या वाक्य लिहून समजावलं. कोशात एवढ्या मोठ्या माणसांनी जे केलं तेच मी दवाखान्यात केलं, फक्त माझी वाक्यं जरा लंगडी होती.

आणखी एक गृहस्थ सांगते, मायकेल वेस्ट. हे ढाक्याला शिक्षकांना शिकवायचे. बंगाली मुलांना इंग्रजी पुस्तकं का जड जातात, याचा त्यांनी खूप विचार केला. त्यांनी १९३५ मध्ये एक इंग्रजी कोश काढला. त्यात सुमारे २४ हजार शब्द आणि वाक्प्रचार समजावले आहेत, आणि ते समजावायला वापरलेले शब्द किती? फक्त १,४९०! म्हणजे दीड हजारसुद्धा नाहीत. हे वाचलं तेव्हा मला माझ्या साडेसहाशे शब्दांची आठवण झाली. शब्द काही अगदीच कमी नव्हते माझ्याकडे. ते कामाला लावायची सवय नव्हती.

आता माझ्या वर्गात काय चालतं ते सांगते. आमच्या वर्गात घरी आगरी बोलणारी मुलं आहेत, वऱ्हाडी आहेत, हिंदी आणि कानडी बोलणारीही आहेत. मी त्यांना सांगते, इंग्रजीत न्यायच्या आधी वाक्य मराठीतच फोडा. 'सोडणे' हा आपला साधा शब्द घ्या. 'मामा मला स्टेशनवर सोडायला आला.' एका मुलाने लिहिलं, "अंकल केम टू लीव्ह मी." वाचणाऱ्याला वाटेल, मामा भाच्याला टाकून पळाला! मग आम्ही फळ्यावर सगळे 'सोडणे' मांडले. पाणी सोडलं, म्हणजे सुरू केलं. शाळा सोडली, म्हणजे जायचं बंद केलं. गाठ सोडली, म्हणजे उकलली. उपास सोडला, म्हणजे जेवलो. आणि मामाने स्टेशनवर सोडलं म्हणजे तो माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत आला. "माय अंकल केम विथ मी टू द स्टेशन." झालं की! यात एकही नवा शब्द नाही. नंतर मी 'सी ऑफ' सांगितलं, आणि ते मुलांच्या चांगलं लक्षात राहिलं, कारण त्याची जागा आधी तयार झाली होती.

दुसरा आमचा खेळ चिठ्ठ्यांचा. चिठ्ठीत एक मराठी शब्द. ज्याला चिठ्ठी मिळेल त्याने तो शब्द न उच्चारता सोप्या इंग्रजीत वर्णन करायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. हातवारे बंद. एकदा एका मुलीला 'निवटी' आली. खाडीकाठच्या मुलांनो, तुम्हाला ठाऊकच आहे, चिखलात टुणटुणत जाणारा तो मासा. तिला इंग्रजी नाव येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही येत नव्हतं. ती थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ए फिश. इट जम्प्स ऑन मड." सगळ्या वर्गाने एका सुरात 'निवटी' म्हटलं. मधल्या सुट्टीत मी शोधून पाहिलं, तर इंग्रजीत तिला म्हणतात 'मडस्किपर'. मड म्हणजे चिखल, स्किप म्हणजे टुणकन उडी मारणं. त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाई, त्या लोकांनीपण माझ्यासारखंच केलं!"

घरी एकट्याने करायचा प्रकारही आहे आणि तो फार जुना आहे. रॉजर ॲस्कम नावाचे एक इंग्रज शिक्षक होऊन गेले. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १५७० साली निघालं. ते लॅटिन शिकवायचे, इंग्रजी मुलांना! (हो, एकेकाळी इंग्रजांच्या मुलांनाही परकी भाषा शिकताना घाम फुटत होताच.) त्यांची रीत अशी: मूळ लॅटिन उताऱ्याचं इंग्रजी करायचं, मूळ पुस्तक मिटायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग आपल्याच इंग्रजीवरून पुन्हा लॅटिन करायचं आणि मुळाशी ताडून पाहायचं. आम्ही हेच इंग्रजी-मराठीचं करतो. आज पाठ्यपुस्तकातली चार वाक्यं मराठीत. पुस्तक दप्तरात. उद्या त्या मराठीवरून परत इंग्रजी. मग शेजारी शेजारी ठेवून बघायचं. जिथे फरक पडतो तिथेच शिकायला मिळतं. बाईंनी चूक दाखवायची गरज उरत नाही, वहीच दाखवते. चारच वाक्यं हं, जास्त नाहीत. मी एकदा उत्साहाच्या भरात दहा दिली, आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग वही विसरून आला!

पालकहो, तुमच्याशीही दोन शब्द. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द नको, असं मानणारे बरेच शिक्षक आहेत. त्यांचं सगळंच चुकतं असं मी म्हणणार नाही. 'डोअर' शिकवायला दार दाखवलं की पुरे, तिथे भाषांतर कशाला? आणि बोलताना प्रत्येक वाक्य मनात मराठीत जुळवत बसलं तर बोलणं रखडतं, हेही खरं. पण 'ऑनेस्ट' शिकवायला मी एकदा दहा मिनिटं अभिनय केला. पडलेलं पाकीट उचलून परत देण्याचा अख्खा प्रवेश केला, आणि मुलांना वाटलं ऑनेस्ट म्हणजे पाकीट! 'प्रामाणिक' हा एक शब्द सांगितला असता तर वेळ वाचला असता. तेव्हा दारापुरतं दार दाखवावं, मनातल्या गोष्टींना मराठीचा हात धरावा, असं माझं मत झालं आहे. दुसरं, रोज दहा स्पेलिंग्ज पाठ झाल्याशिवाय जेवण नाही, असं काही घरांत चालतं. पाच करा, आणि त्या पाचांची घरातल्या कुणाबद्दल तरी वाक्यं करायला लावा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. मुलाला एवढंच विचारा, "म्हणजे नक्की काय?" माझ्या आजीने इंग्रजीचा एक शब्द न शिकता मला तेवढंच सांगितलं होतं.

मोबाईलवर आता क्षणात भाषांतर होतं, मग कशाला एवढा खटाटोप, असं एका आईने मला विचारलं. अहो, मोबाईल शब्द देतो, चांगला देतो, मीही वापरते. पण आपल्याला काय सांगायचंय हे आधी आपल्याला कळायला लागतं. मी त्या दिवशी मोबाईलला 'मुंग्या' विचारलं असतं तर त्यानेही 'ॲन्ट्स'च सांगितलं असतं ना?

आमच्या वर्गात मागच्या फळ्याचा एक कोपरा राखून ठेवला आहे. ज्या मराठी शब्दाला इंग्रजीत नीट जोड मिळत नाही तो तिथे लिहायचा आणि जमेल तेव्हा फोडायचा. 'उष्टं' लवकर सुटलं, "फूड, बट समवन एट ए लिटल बिफोर." 'परवा' सोडवताना भांडणं झाली, कारण आपला परवा मागेही जातो आणि पुढेही! शेवटी दोन वाक्यं करून दोन्हीकडचे परवे वेगळे लिहिले. 'रुसणे' बरेच दिवस पडून होतं. डिक्शनरीतला शब्द मी सांगितला, पण मुलांना तो पटेना. त्यात नुसता राग आहे, म्हणे. मग चौथीतली एक मुलगी, एरवी तासाला तोंड न उघडणारी, उठली आणि म्हणाली, "आय ॲम नॉट टॉकिंग टू यू. बट यू टॉक टू मी." वर्ग हसला, पण दवाखान्यातल्यासारखं नव्हे हं. ते मी तसंच फळ्यावर लिहून ठेवलं.

सध्या तिथे 'हुरहूर' आहे. दिवाळीपासून आहे, अजून कुणाला सुटलेली नाही, मलाही नाही. तुम्हाला सुचलं तर मासिकाच्या पत्त्यावर कार्ड टाका. शब्द मात्र छोटे छोटेच वापरायचे.